जावेचा उजवा पाय

माझ्या जावेचा उजवा पाय खरोखर गेला होता की नव्हता, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाय गेला तेव्हा मी त्याच घरात होते. तो पाय मी रोज हाताने उचलून इकडचा तिकडे ठेवला आहे. तरीही कुणी विचारलं तर माझ्या तोंडून एक वाक्य सरळ निघत नाही. म्हणून लिहून बघते आहे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आधीच्या हंगामातली गोष्ट. आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरात चार माणसं. सासूबाई, मोठे दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि मी. माझे यजमान मुंबईला गोदीत कामाला होते, गणपतीला तेवढे यायचे. दीर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जायचे. त्यांच्या वाट्याची मासळी जाऊ पाटीत भरून डोक्यावरून वरच्या गावांत विकायला न्यायची. ती घाटी, वरच्या गावांची चढण, चढायला लागली की तिचा आवाज ऐकूनच बायका भांडी घेऊन दारात यायच्या. मी चौथी शिकलेली, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहायचे. दिरांशी तर मी समोरासमोर कधी बोललेच नव्हते. जेवायला वाढलंय हेसुद्धा दाराच्या चौकटीला सांगायचं आणि त्यांनी ते ऐकायचं, अशी आमच्याकडे रीत. मासे साफ करणं, खारवणं आणि वाळत घालणं माझ्याकडे होतं. सासूबाई म्हणायच्या, "एकीक देवान दोन तोंडां दिल्यान, आणि दुसरेक एक पण नाय."

दसरा होऊन गेला होता. जाऊ मासळी विकून परत येताना ओहोळावरच्या साकवावरून पाय घसरून खाली पडली. पाटी रिकामी होती, पाणी गुडघाभर. घरी येऊन हसत हसत सांगत होती, कशी पडली आणि पाटी कशी होडीसारखी वाहत गेली ते. गुडघ्याला थोडं खरचटलं होतं. मी हळद लावली. दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन गेलीसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळून हाक आली, "गो, जरा हंय ये. माझो पाय खंय गेलो?"

मी गेले. पाय होता तिथेच होता. सूज नाही, काळंनिळं नाही. पण ती म्हणत होती की कमरेखाली उजव्या बाजूला काही आहे असं वाटतच नाही. उभी केली तर पाय ओल्या दोरासारखा मागे ओढला जाई.

पहिले चार दिवस सगळ्यांनी तेल चोळलं. पाचव्या दिवसापासून सासूबाई तपास करायला लागल्या. तपास हाच शब्द मला बरोबर वाटतो, कारण त्या एकेक गोष्ट करून बघायच्या. चुलीवर पेज उतू जायला लागली तरी उठायच्या नाहीत, जाऊ उठते का बघायच्या. मागून जाऊन एकदम "सरप! सरप!" म्हणून ओरडल्या. जाऊ दचकली, ओरडली, दोन हातांवर सरपटत गेली, पण पाय मागेच. माडाच्या झावळीचा हीर घेऊन तळपायाला टोचून बघितला. एक दिवस दिरांनी खाडीतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणल्या होत्या. जाऊ भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. सासूबाईंनी त्यातली एक मोठी कुर्ली तिच्या पायाशी सोडली. कुर्लीने अंगठा धरला. रक्त आलं. जावेने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

सासूबाईंनीच ओरडून कुर्ली काढली आणि मग त्याच पायाला मिठी मारून रडल्या. "खरा गेलो गो हिचो पाय, खरा गेलो." त्या दिवसापासून शेजारणी काही बोलल्या की त्या कुर्लीची साक्ष काढायच्या. "माणूस सोंग करता. पण कुर्लेन धरल्यावर कोण गप बसता? तू बसशीत?"

देवळात कौल लावून झाला. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रश्न विचारतात, उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. बाहेरचं काही आहे का, असं विचारलं. उजवी पडली. मग कोंबडा झाला, नारळ झाला. पाय तसाच. पुन्हा विचारलं, तर डावी पडली. दीर वैतागून म्हणाले, "देवाकच ठावक नाय, तर आमका काय कळतला!" पणजीला मोठं इस्पितळ आहे असं लोक सांगत, पण इन्सुलीच्या नाक्यापलीकडे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य, तिकडे जायची सोय नव्हती.

इकडे मासळी विकायची कुणी? सासूबाईंना गुडघ्यांमुळे घाटी चढवत नव्हती. मला पाठवलं. दोनदा गेले. पहिल्या दिवशी एका दारासमोर उभी राहिले आणि तोंडून आवाजच निघेना. आतली बाई बाहेर येऊन म्हणाली, "काय गो, भीक मागतस काय?" मी पाटी तशीच परत आणली. सासूबाईंनी वासावरूनच ओळखलं. रात्री जेवताना दिरांना म्हणाल्या, "शिमग्याच्या आधी काय तां ठरव. पायाचा काय होवचा नसात तर हिका आरोंद्याक पोचव. तुका दुसरी बघूची लागतली, घर चलाक व्हया."

आरोंदा म्हणजे जावेचं माहेर. तिथे भाऊ-भावजय होते, आईवडील नव्हते. जाऊ माझ्या शेजारीच बसली होती. तिने भात कालवला आणि खाल्ला. दीर हात धुवायला उठले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी ते झालं.

दुपारची वेळ होती. घरापुढच्या खळ्यात बांगडे वाळत घातले होते आणि जावेला काठी देऊन राखायला बसवलं होतं. ती डावा पाय दुमडून, उजवा लांब करून बसायची. मी आत कण्या निवडत होते आणि दारातून ती दिसत होती. माडाच्या बुंध्याआडून एक पिवळा कुत्रा आला. काठी तिच्या हातातून सुटून पडली होती. कुत्र्याने तोंड घातलं, जाऊ "हाड! हाड!" ओरडली आणि तिचा उजवा पाय असा झटक्याने वर आला की कुत्र्याच्या बरगडीत बसला. कुत्रा केकाटत गेला. पाय परत खाली पडला, होता तसा.

मी उठून दारात आले. मांडीवरच्या कण्या सगळ्या सांडल्या. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती घाबरेल, नाहीतर हसेल, नाहीतर म्हणेल कुणाला सांगू नको. ती म्हणाली, "बरा झाला इलंस. वायंच माझो पाय सावळेत सरकय. उनात तापता आसतलो, माका कळना नाय."

मी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सावलीत ठेवला. जड होता. मेलेल्या माणसाचा असावा तसा जड. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, तिथे काही नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे, तसं काही नव्हतं.

आठ दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिची आरोंद्याला रवानगी झाली असती, आणि सोंगाडी म्हणून झाली असती. एवढं सरळ आहे. पण मी गप्प बसले ती तिच्यासाठीच, असंही मला म्हणवत नाही. ती गेली की पाटी कायमची माझ्या डोक्यावर. आणि ती सोंग करत असेल तर माझ्यावर पाटी आणली ती तिनेच. हे दोन्ही विचार मी एकाच वेळी करत असे. तिला पेज वाढताना राग यायचा आणि पाय उचलताना कीव यायची. रोज तिचा पाय चोरून बघायचे. पुन्हा एकदाही हलला नाही.

मग दीर म्हणाले, एकदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवू, तिथे नवीन डॉक्टर आला आहे. डॉक्टर काही होणार नाही म्हणाला की मग आरोंदा. जावेला बैलगाडीत घालून आम्ही चौघंही गेलो. तिला उचलायला-धरायला बाई हवी म्हणून मी.

डॉक्टर तरुण होते, चष्मा होता, देशावरचं बोलायचे. त्यांनी गुडघ्याखाली छोट्या हातोडीने ठोकलं, तळव्यावर किल्ली ओढली, टाचणीने टोचलं. जाऊ कळत नाही म्हणाली. मग त्यांनी तिला उताणी निजवलं, उजव्या टाचेखाली आपला तळहात ठेवला आणि म्हणाले, "उजवा पाय खाली दाबा." काही झालं नाही. "बरं. आता तो सोडून द्या. डावा पाय वर उचला." डाव्या पायावर त्यांनी दुसरा हात ठेवून अडवून धरलं. जावेने जोर केला. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी ते तीनदा केलं.

मग विचारलं, "घरात हा पाय कधी हललेला कुणी पाहिला आहे का? झोपेत, दचकून, कसाही?"

सासूबाई पुढे झाल्या. "काय हो डाक्टर! कुर्लेन फोडल्यान अंगठो, तरी हालूक नाय! ह्या बघा वण!" जणू पाय त्यांचाच गेला होता आणि आता कुणी त्यावर शंका घेत होतं.

"नाय," दीर म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली जमिनीकडे बघितलं.

ते दिरांना म्हणाले, "मला एक शंका आहे, पण खात्री नाही. खात्री नसेल तर मुंबईला न्यावं लागेल. पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढून तपासतील. कदाचित दोन महिने राहावं लागेल."

दीर टोपी हातात फिरवत राहिले. हंगामात दोन महिने रापण सोडून मुंबईला कोण जाणार? सासूबाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "झाला मगे. आरोंद्याची वाट धर."

मी त्यांच्यामागून बाहेर आले. कंपाउंडरच्या खिडकीला दोऱ्याने एक पेन्सिल बांधली होती, रोग्यांची नावं लिहायला. शेजारी पुड्या बांधायचे कागद होते. लग्नानंतर मी यजमानांना पत्र सोडून दुसरं काही लिहिलं नव्हतं.  मी लिहिलं: "डॉक्टरसाहेबांस नमस्कार. पाय हलला आहे. आठ दिवसांपूर्वी कुत्र्याला लागला. तिला ठाऊक नाही. मी पाहिले. कृपा करून कोणास सांगू नये." कागद कंपाउंडरला दिला आणि बोटाने आतली खोली दाखवली.

डॉक्टर कागद हातात घेऊनच बाहेर आले. इतके खूश, की परीक्षेत पास झाल्यासारखे. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागले. "पाय हलला आहे! कुत्र्याला लागला! तिला ठाऊक नाही..." आणि शेवटच्या ओळीवर आल्यावर थांबले. तोपर्यंत काय व्हायचं ते झालं होतं.

सासूबाई उठल्या. "म्हणजे हिचो पाय हालता?"

"हलतो. फार चांगली बातमी आहे, आजी. नसा शाबूत आहेत."

"चांगली खंयची? दोन म्हयने माका नाचयल्यान! कुर्लेनय माका फशयल्यान!" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गो? तोंड नाय म्हणान मी तुझी कीव करी होतंय! आठ दिस पोटात घेवन बसलंस?"

"आजी, हे सोंग नाही," डॉक्टर म्हणाले. "सोंग करणाऱ्याला आपण काय करतो ते ठाऊक असतं. हिला ठाऊक नाही."

"मगे कोणाक ठावक आसा? पायाक?"

डॉक्टर हसले आणि आत गेले, आम्हीही मागोमाग गेलो. आपल्या मेजाशी जाऊन त्यांनी कागदावर एक इंग्रजी शब्द लिहिला, थोडा वेळ बघितला आणि खोडला. म्हणाले, "खरं सांगू? असं का होतं ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. मोठमोठे डॉक्टर शोधत आहेत. कुणी म्हणतं भीतीने, कुणी म्हणतं दुःखाने, कुणी म्हणतं नुसत्या पडण्याचं निमित्त." मग जावेला हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला काही मोठं दुःख झालं होतं का?"

जाऊ तपासायच्या टेबलावर उताणीच होती. छपराकडे बघत म्हणाली, "दोन पोरां गेली माझी. चार वर्सां झाली. तेव्हा पाय चलत होते, डाक्टर."

 डॉक्टरांनी दिरांना जवळ बोलावलं आणि त्यांचा हात तिच्या उजव्या टाचेखाली ठेवला. "डाव्याने जोर केला की ही टाच आपसूक खाली दाबते का, ते बघा." जावेला म्हणाले, "डावा उचला, जोरात." दीर हात ठेवून उभे राहिले. रापणीचा दोर हातात घेतला की लांब पाण्यातल्या जाळ्यात मासळी आहे की नाही ते त्यांना कळायचं, दोर तेवढा बोलतो म्हणायचे. तसेच आता मान वाकडी करून उभे होते, काहीतरी ऐकत असल्यासारखे. पुन्हा करायला लावलं. मग म्हणाले, "आये, ओढ आसा."

"कसली ओढ?"

"ओढ आसा म्हणतंय. ही करना नाय. पण आसा." आणि बायकोला म्हणाले, "उठ. घराक जावया."

ते आरोंद्याचं नाव घेतील म्हणून मी वाट बघत होते. गाडीत बसेपर्यंत नाही, घरी पोचेपर्यंत नाही, नंतरही कधी घेतलं नाही. सासूबाईंनी मात्र घेतलं, पुष्कळदा घेतलं. मग दीर म्हणायचे, "हात लावन बघ टाचेक, मगे बोल." सासूबाईंनी कधी हात लावला नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं नव्हतं. पायाकडे लक्ष देऊ नका, टोचू नका, चिडवू नका. चालायला सांगू नका, दुसरंच काही करायला लावा, नाचायला, मागे जायला, असं सांगितलं होतं. दीर एक दिवस तिला पाठुंगळीला घेऊन किनाऱ्यावर गेले आणि रापणीच्या दोराला लावलं. रापण ओढताना समुद्राकडे तोंड करून मागे मागे जायचं असतं. पुढे एक माणूस, मागे एक माणूस, मध्ये ती. मी वाळूत उभी होते. पहिल्या दिवशी ती नुसती लोंबली. चौथ्या की पाचव्या दिवशी तिचा उजवा पाय मागे पडला, वाळूत रुतला, आणि त्याच्यावर भार आला. मग डावा. मग पुन्हा उजवा. दोर संपेपर्यंत ती मागे चालत गेली. दोर सोडला, आणि घराकडे तोंड केलं, तर बसली मटकन.

पुढे चालता येत नाही, मागे येतं. हे बघून गाव चेकाळलं. "उलट्या पायांची चलता गो! हडळ झाली काय?" एक म्हातारा म्हणाला, "बाजाराक मागसून गेली तर मासळी परत घरात येतली!" जाऊ हसली. पडल्यापासून पहिल्यांदा मी तिला तसं हसताना बघितलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, बघा, देवाने उजवी पाकळी उगीच दिली नव्हती.

शिमगा आला आणि गेला. पावसाळ्याआधी ती काठी धरून पुढेही चालायला लागली. पुढच्या हंगामात पाटी घेतली. मधे एकदा, आणखी दोन वर्षांनी, पाय पुन्हा पंधरा दिवस गेला आणि आपला आपण आला. का गेला आणि का आला, कुणी सांगू शकलं नाही. तोपर्यंत ते डॉक्टरही बदलून गेले होते.

त्या कागदाबद्दल ती माझ्याशी दोन-अडीच वर्षं बोलली नाही. रागावली होती की नाही तेही कळत नव्हतं. माझ्या हातचं खात होती, पाय चेपू देत होती. मग दुसऱ्यांदा पाय परत आल्यानंतर एक दिवस आम्ही दोघी विहिरीजवळ बांगडे साफ करत बसलो होतो. तिने मान वर न करता विचारलं, "खरा सांग. कुत्र्याक पाय लागलो तां बगलंस, आणि डाक्टराकडे गेलव, मधले आठ दिस तुका काय वाटला होता?"

मला खोटं बोलायला शब्द सापडले नाहीत. "सोंग," मी म्हटलं.

"माका पण."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"माका पण तसाच वाटायचा. रोज सकाळी वाटायचा, पुरे झाला आता ह्या, उठतंय आणि चलाक लागतंय. आणि उठाक जायचंय, तर पाय नाय."

तिने हातातला बांगडा धुऊन टोपलीत टाकला आणि दुसरा घेतला. मीही माझा धुऊन तिच्याच टोपलीत टाकला.